अंकुशकृमी आणि शरीराचे पहारेकरी

पायात काटा मोडला म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगावयास नकोच. प्रथम जोराची कळ येते. काटा वरवर निघाला, परंतु त्याचे टोक आतच राहिले, तर दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते आणि ठसठसू लागते. हात लावून पाहिला तर ती गरम लागते. आणखी दोन-तीन दिवसांनी तेथे पू धरतो आणि एक दिवस त्या पुवाबरोबर काट्याचे टोकही बाहेर पडते. घरातील वडील माणसे म्हणतात, "अंग परक्या वस्तूला ठेवून घेत नाही." त्यांचे हे म्हणणे अनुभवाचे आहे.

अंग परक्या वस्तूला ओळखते कसे आणि तिला बाहेर घालविते कसे, या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला धागा इल्या मेच्निकॉव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. १८८२ साली तो इटलीजवळच्या सिसिली बेटावर, मेसिना या गावी, समुद्रकाठी राहत होता. एके दिवशी घरची सारी मंडळी सर्कस पाहावयास गेली होती आणि मेच्निकॉव्ह एकटाच आपल्या सूक्ष्मदर्शकापुढे बसला होता. तारामाशाच्या अळ्या तो पाहत होता. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या अंगात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी स्पष्ट दिसतात. त्या पेशींकडे पाहता पाहता त्याच्या मनात आले, की या नुसत्या भटकत नसाव्यात, शरीराच्या रक्षणाचे काम त्या करीत असाव्यात. तसे असेल, तर अळीच्या अंगात काटा टोचताच त्या तेथे धावून आल्या पाहिजेत! तो उठला, बागेतून काटे घेऊन आला आणि त्याने ते अळ्यांच्या अंगात टोचले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो तो काय, काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला!

आपल्या रक्तातही अशा फिरत्या पेशी आहेत. त्यांना आपण पांढऱ्या पेशी म्हणतो. त्या रात्रंदिवस शरीरभर गस्त घालतात, परका जंतू दिसला की त्याला वेढून गिळून टाकतात आणि स्वतःही त्या लढाईत मरतात. काट्याभोवती साचणारा पू म्हणजे बहुतांशी अशा धारातीर्थी पडलेल्या पेशीच होत. या शोधाबद्दल मेच्निकॉव्हला १९०८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याच वर्षी ते पाऊल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञालाही विभागून मिळाले. एर्लिखची गाठ पुढे आपल्याला पुन्हा पडणार आहे.

एवढासा काटा शरीराला खपत नाही, हे आपण पाहिले. आता याच्या अगदी उलट अशी एक गोष्ट पाहू. माणसाच्या लहान आतड्यात राहणारा एक कृमी आहे. त्याची लांबी सुमारे एक सेंटीमीटर, म्हणजे काट्याच्या मोडलेल्या टोकाहून कितीतरी अधिक. तो मेलेला, निपचित पडलेला नसतो. तो हालचाल करतो, आतड्याचा अस्तर तोंडात धरून त्याला जखम करतो, रक्त पितो, अंडी घालतो. असा हा परका प्राणी आपल्या पोटात एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, तर कित्येक वर्षे सुखाने नांदतो. काट्याच्या टोकावर तुटून पडणारे पहारेकरी त्या वेळी कोठे असतात? ते झोपलेले असतात काय?

ते झोपलेले नसतात. त्यांना झोपविण्यात आलेले असते. ते कसे, हे समजून घेण्यापूर्वी या प्राण्याची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

याचे डोके गळासारखे मागे वळलेले असते, म्हणून याला अंकुशकृमी म्हणतात. १८३८ साली इटलीतील मिलान शहरात आंजेलो दुबिनी या डॉक्टराला एका शेतकरी स्त्रीच्या शवाची तपासणी करताना तो प्रथम आढळला. माणसाला उपद्रव देणाऱ्या याच्या दोन जाती मुख्य आहेत. एकीचे नाव अँकिलोस्टोमा. तिच्या तोंडात दातांसारखे सुळे असतात. दुसरी नेकेटर. तिच्या तोंडात दातांऐवजी धारदार पट्ट्या असतात. 'नेकेटर' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मारेकरी' असा आहे. नाव ठेवणाऱ्याने काही लपवून ठेवले नाही, असेच म्हणावयाचे! आपल्या देशात या दोन्ही जाती आढळतात.

हा कृमी पोटात शिरतो कसा, हे बरीच वर्षे कोणास ठाऊक नव्हते. अन्नपाण्याबरोबर तो तोंडावाटे जात असावा, असाच सर्वांचा समज होता. तो समज एका अपघाताने दूर झाला. आर्तुर लूस नावाचा जर्मन शास्त्रज्ञ त्या काळी इजिप्तमध्ये कैरो येथे काम करीत होता. अंकुशकृमीच्या अळ्या असलेले पाणी तो गिनीपिगांना तोंडावाटे पाजत असता त्यातील काही थेंब त्याच्या हातावर सांडले. थोड्याच वेळात त्या जागी खाज सुटली आणि कातडी लाल झाली. दुसऱ्या कोणी हात धुऊन टाकला असता आणि तो प्रसंग विसरूनही गेला असता. लूसने मात्र कातडीवर उरलेले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यात अळ्यांच्या रिकाम्या काती तेवढ्या दिसल्या. मग अळ्या गेल्या कोठे? त्या कातडीतून आत शिरल्या असाव्यात, असा तर्क त्याने केला आणि तो स्वतःचीच विष्ठा तपासू लागला. काही आठवड्यांनी तीत अंकुशकृमीची अंडी सापडली! हा शोध त्याने १८९८ साली प्रसिद्ध केला.

आज आपल्याला या प्रवासाची सर्व हकीकत ठाऊक आहे. रोगी मनुष्य उघड्यावर शौचास बसला की विष्ठेबरोबर अंडी जमिनीवर पडतात. ओलसर, सावलीच्या मातीत ती उबतात आणि त्यांतून बारीक अळ्या बाहेर येतात. त्या मातीवर कोणाचा अनवाणी पाय पडला की बोटांच्या बेचक्यांतून किंवा घोट्याजवळच्या मऊ कातडीतून त्या आत घुसतात. रक्ताच्या ओघाबरोबर त्या हृदयातून फुप्फुसांत पोहोचतात, तेथून श्वासनलिकेने वर चढून घशाशी येतात आणि थुंकीबरोबर गिळल्या जाऊन पोटात उतरतात. लहान आतड्यात त्या मोठ्या होतात आणि पाय मातीवर पडल्यापासून दीड-दोन महिन्यांत नवी अंडी घालू लागतात. पायापासून पोटापर्यंतचा हा केवढा वळणावळणाचा मार्ग! आणि या मार्गात जागोजाग पहारेकरी उभे असतात.

हे पहारेकरी काट्याच्या वेळी धावून येतात त्यांहून थोडे वेगळे असतात. कारण उघड आहे. पांढरी पेशी एका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी असते. जंतू तिच्याहूनही लहान, म्हणून ती त्याला गिळू शकते. परंतु अंकुशकृमी लांबीने तिच्या हजारपट असतो. दीड किलोमीटर लांबीच्या अजगराला एका माणसाने गिळावे, तसेच ते होईल. म्हणून अशा मोठ्या शत्रूसाठी शरीराने निराळी व्यवस्था केली आहे.

आतड्याच्या किंवा कातडीच्या पेशी फाटल्या म्हणजे त्यांच्या आत साठविलेली काही प्रथिने बाहेर सांडतात. ही शरीराची धोक्याची घंटा होय. घंटा वाजली की आणखी काही निरोप्या प्रथिने सुटतात आणि रक्तातील एका विशिष्ट प्रकारच्या पेशींना त्या जागी बोलावितात. या पेशींच्या पोटात बारीक दाणे असतात, ते इओसिन नावाच्या लाल रंगाने गडद रंगतात. म्हणून १८७९ साली एर्लिखने या पेशींना इओसिनोफिल असे नाव दिले. ही झाली त्याची दुसरी भेट. या पेशी शत्रूला गिळीत नाहीत. त्याच्या अंगाला चिकटून त्या आपले दाहक दाणे त्याच्यावर रिते करतात. याशिवाय शरीर 'ई' वर्गाची प्रतिपिंडे तयार करते. प्रतिपिंड म्हणजे शत्रूच्या एखाद्या विशिष्ट भागालाच नेमके चिकटणारे प्रथिन. ही प्रतिपिंडे मास्ट नावाच्या पेशींवर जाऊन बसतात आणि शत्रूचा स्पर्श होताच त्या पेशी फुटून खाज, सूज आणणारे रस सोडतात. आतड्यात बुळबुळीत स्राव वाढतो, आतडे जोराने हलू लागते आणि शत्रूला धुऊन बाहेर लोटण्याचा प्रयत्न सुरू होतो.

एवढा सगळा बंदोबस्त असूनही कृमी तेथेच राहतो, ते कसे, हे कळण्यासाठी प्रथिन म्हणजे काय, हे थोडे नीट पाहू. वीस प्रकारचे मणी घेऊन तुम्ही एक लांब माळ ओवली आणि ती मुठीत चुरगाळून तिचा गोळा केला, तर मण्यांच्या क्रमाप्रमाणे त्या गोळ्याला एक विशिष्ट आकार येईल. प्रथिन असेच असते. अमिनो आम्ले हे त्याचे मणी. त्याचे सारे सामर्थ्य त्याच्या घडीच्या आकारात असते. एका प्रथिनाच्या खाचेत दुसरे प्रथिन, कुलपात किल्ली बसावी तसे, नेमके बसते. पेशींना बोलता येत नाही. त्या एकमेकींना निरोप देतात तो असा, किल्ल्या पाठवून. 'इकडे या', 'वाढा', 'लढा', 'आता पुरे', हे सर्व हुकूम अशा किल्ल्यांच्या रूपानेच शरीरभर फिरत असतात.

अंकुशकृमीला ही भाषा येते. तो आपल्या तोंडातून आणि अंगातून सतत रस पाझरवीत असतो. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अशा रसात शंभराहून अधिक प्रकारची प्रथिने आढळली आहेत. त्या प्रत्येकाचे काम अद्याप कळलेले नाही, परंतु काहींचे चांगले कळले आहे, आणि ते कळल्यावर या क्षुद्र प्राण्याच्या चातुर्याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

त्यांतील पहिले काम रक्त पातळ ठेवण्याचे. आपल्याला कोठे खरचटले तर थोड्या वेळाने रक्त गोठून जखम आपोआप बंद होते. तसे झाले तर कृमीची उपासमार होईल. म्हणून रक्त गोठविणाऱ्या प्रथिनांना जखडून ठेवणारी छोटी प्रथिने तो जखमेत सोडतो. त्यामुळे तो ती जागा सोडून दुसरीकडे गेला, तरी जुन्या जखमेतून रक्त झिरपतच राहते. शरीराची हानी होते ती कृमीने प्यालेल्या रक्ताने होते, तशीच या वाया गेलेल्या रक्तानेही होते.

दुसरे काम अधिक धूर्तपणाचे. रक्तवाहिनीतून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशींना जखमेपाशी उतरावयाचे असेल, तर प्रथम वाहिनीच्या भिंतीला धरावे लागते. वाहत्या पुरातून काठावर येणारा मनुष्य एखादी मुळी पकडतो, तसेच हे आहे. यासाठी न्यूट्रोफिल जातीच्या पेशींच्या अंगावर हातासारखे काम करणारे एक प्रथिन असते. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या रसात १९९४ साली एक असे प्रथिन सापडले, की ते नेमके याच हातावर जाऊन बसते. हातात घट्ट पिशवी घातलेल्या माणसाला जशी मुळी पकडता येत नाही, तशी त्या पेशीला भिंत पकडता येत नाही. ती बिचारी जखमेच्या जवळून वाहत पुढे निघून जाते.

तिसरी युक्ती निरोप फाडून टाकण्याची. इओसिनोफिल पेशींना बोलावून आणणारे इओटॅक्सिन नावाचे एक निरोप्या प्रथिन आहे. नेकेटर कृमीच्या रसात एक प्रथिन कात्रीसारखे असते, ते या इओटॅक्सिनचे तुकडे करते. गावावर दरोडा पडला आहे, शिपायांना बोलाविण्यासाठी चिठ्ठी देऊन माणूस धाडला आहे, आणि वाटेतच कोणी ती चिठ्ठी फाडून टाकली, तर शिपाई शूर असून काय उपयोग? त्यांना वार्ताच पोहोचत नाही. हा शोध २००० साली प्रसिद्ध झाला.

अंकुशकृमीच्याच गोत्यातील एक कृमी उंदरांच्या आतड्यात राहतो. माणसावर जे प्रयोग करता येत नाहीत, ते त्याच्यावर करता येतात, म्हणून त्याचा अभ्यास फार बारकाईने झाला आहे. २०१७ साली स्कॉटलंडमधील संशोधकांना त्याचे एक प्रथिन सापडले. ते मरणाऱ्या पेशीत शिरून धोक्याच्या घंटेचे काम करणारे प्रथिन आतल्या आतच जखडून ठेवते. म्हणजे घंटा वाजूच नये, अशी ही व्यवस्था. पण मला विशेष नवल वाटते ते त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रथिनाचे. ते समजण्यासाठी एक गोष्ट अगोदर सांगितली पाहिजे.

लढाई सुरू करणे जसे आवश्यक, तसे ती थांबविणेही आवश्यक असते. पहारेकरी बेभान झाले तर ते आपल्याच घराची मोडतोड करतील. दमा आणि अंगावर उठणाऱ्या गांधी यांसारख्या विकारांत थोडेफार असेच घडते. म्हणून शरीरात काही पेशी केवळ संयम राखण्याचे काम करतात. या पेशींच्या शोधाबद्दल मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना २०२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराचे स्वतःचे एक 'आता पुरे' असा हुकूम देणारे प्रथिन आहे. ते पोहोचले की या संयमी पेशींची संख्या वाढते आणि लढाई थंडावते. ग्लासगो विद्यापीठातील रिक मेझेल्स आणि त्यांचे सहकारी यांना असे आढळले, की उंदरांचा हा कृमी तोच हुकूम स्वतः तयार करून सोडतो! त्याची किल्ली आपल्या किल्लीची नक्कल असेल, असे कोणासही वाटेल. परंतु ती तशी नाही. तिची घडण अगदी निराळी आहे, मण्यांचा क्रम निराळा आहे, आणि तरीही ती त्याच कुलपात बसते आणि तेच कुलूप उघडते. दुसऱ्याच्या राज्यात येऊन तेथील राजाची मुद्रा स्वतःच्या हाताने घडवावी आणि तिने हुकूम काढावेत, असा हा प्रकार आहे.

आता कोणी विचारील, की कृमीने पहारेकऱ्यांना शांत केले, त्यात आपले काय बिघडले? भांडणतंटा तर टळला! हा प्रश्न वेडगळ नाही. कृमीची आणि माणसाची सोबत फार जुनी आहे. रोज युद्ध चालू ठेवले, तर आतड्याचीच चाळण होईल. म्हणून पोटात दोन-चार कृमी असलेला मनुष्य पुष्कळदा आपल्याला काही झाले आहे हे जाणतही नाही.

परंतु कृमी दोन-चारच राहत नाहीत. आपण एक साधे गणित करू. नेकेटर जातीच्या एका कृमीमुळे दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त जाते. म्हणजे एक थेंबही नव्हे. शंभर कृमी असले तर ३ मिलिलिटर. एका मिलिलिटर निरोगी रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणून रोज दीड मिलिग्रॅम लोह गेले. यातील काही लोह आतडे पुन्हा शोषून घेते हे खरे, पण सगळे नव्हे. आणि लहान मुलाचे शरीर रोजच्या जेवणातून लोह मिळविते किती? फार तर एक मिलिग्रॅमच्या आसपास. अँकिलोस्टोमा जातीचा कृमी तर याच्या कित्येक पटींनी अधिक रक्त पितो. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला की घराचे जे होते, तेच त्या मुलाचे होते. रक्तातील तांबड्या पेशींना लोह पुरत नाही, चेहरा आणि नखे फिकट पडतात, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते, डोळ्यांवर सारखी झापड येते. यालाच पंडुरोग म्हणतात.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दुपारच्या तासाला पेंगणारा, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देणारा, खेळाच्या तासाला झाडाखाली बसून राहणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. अशा मुलांना मी कित्येक वर्षे आळशी म्हणत आलो, आणि काहींना त्याबद्दल बाकावर उभेही केले. त्यांतील एका मुलाला पुढे त्याच्या मामाने डॉक्टरांकडे नेले. त्याच्या पोटात अंकुशकृमी निघाले. औषध आणि लोहाच्या गोळ्या घेतल्यावर तीन-चार महिन्यांनी तोच मुलगा मैदानावर सर्वांच्या पुढे धावताना मी पाहिला. तो मला काही बोलला नाही. मीच त्याच्याकडे फार वेळ पाहू शकलो नाही.

एकदा गोवर येऊन गेला की तो सहसा पुन्हा येत नाही, कारण शरीराला त्याची ओळख पटलेली असते. अंकुशकृमीचे तसे नाही. पहारेकऱ्यांना तो पुरते शिकूच देत नाही, त्यामुळे औषधाने पोट स्वच्छ झाले तरी पाय पुन्हा त्याच मातीवर पडताच तो पुन्हा शिरतो. म्हणून याच्यावर लस शोधण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. त्यातील एका प्रयत्नाची हकीकत मोठी बोधक आहे. नेकेटरची अळी कातडीतून शिरताना जे एक प्रथिन सोडते, त्याचीच लस संशोधकांनी तयार केली. अळी दारातच अडवावी, हा त्यांचा हेतू. ज्यांना अंकुशकृमीचा कधी संसर्ग झाला नव्हता, अशा अमेरिकेतील लोकांना ती सोसली. पुढे ब्राझीलमध्ये, जेथे हा रोग आहे तेथील प्रौढ स्वयंसेवकांना ती टोचली, तेव्हा त्यांतील काहींच्या अंगभर लगेच गांधी उठल्या. प्रयोग ताबडतोब थांबविण्यात आला. तपास केला तेव्हा असे दिसले, की त्या लोकांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध 'ई' वर्गाची प्रतिपिंडे पूर्वीपासूनच होती. म्हणजे त्यांच्या पहारेकऱ्यांनी शत्रूला ओळखले होते. कृमीच्या राज्यात त्यांना गप्प बसविले गेले होते इतकेच. सुईने तेच प्रथिन एकदम अंगात गेले, तेव्हा ते सारे एकदम जागे झाले. ही हकीकत २०१२ साली प्रसिद्ध झाली.

संशोधकांनी त्यानंतर कृमीच्या बाहेरच्या रसाचा नाद सोडून त्याच्या पोटातील प्रथिनांकडे लक्ष वळविले. प्यालेले रक्त पचविण्यासाठी त्याला काही प्रथिने लागतात. ती त्याच्या आतड्यात असतात, म्हणून आपल्या पहारेकऱ्यांशी त्यांची फारशी गाठ पडलेली नसते. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे लस टोचून आपल्या रक्तात तयार झाली, तर कृमी रक्ताबरोबर तीही पिईल आणि त्याची पचनाची यंत्रणाच बंद पडेल, असा हा डाव आहे. चोराने चोरलेल्या लाडवातच औषध घालून ठेवावे, त्यासारखाच! अशा लसींच्या चाचण्या माणसांवर झाल्या आहेत.

कृमीच्या प्रथिनांपासूनच औषधे मिळतील काय, असाही विचार शास्त्रज्ञांनी केला. पांढऱ्या पेशीच्या हातावर बसणारे जे प्रथिन वर सांगितले, ते मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडून पक्षाघात झालेल्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले. त्याचा उपयोग झाला नाही, असे २००३ साली जाहीर झाले. अंकुशकृमीच्या दुसऱ्या एका प्रथिनाने उंदरांच्या श्वासनलिकेची दम्यासारखी सूज कमी झाल्याचे २०१६ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठातील डेव्हिड प्रिचर्ड यांनी तर २००४ साली स्वतःच्याच दंडावर अंकुशकृमीच्या अळ्या सोडून घेतल्या, किती अळ्या माणसाला सोसतील हे पाहण्यासाठी! हे शास्त्रज्ञांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून केलेले प्रयोग आहेत. त्यावरून कोणी पोटातले जंत उपकारक आहेत, असे समजू नये. उंदराला जे मानवले ते मुलाला मानवेलच, असा नियम नाही, आणि शंभर कृमी पोसणाऱ्या मुलाचे गणित आपण नुकतेच केले आहे.

लस हाती येईपर्यंत आपली भिस्त पायातील वहाणांवर, शौचकूपावर आणि गोळीवर आहे. ती गोळी तुमच्या परिचयाची आहे. २०१५ सालापासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि फेब्रुवारीत शाळाशाळांतून चघळून खावयाची एक गोळी दिली जाते. पुष्कळ राज्यांत ती ऑगस्टमध्येही पुन्हा मिळते. 'माझे पोट दुखत नाही, मग मी गोळी का खाऊ?' असे विचारणारा एखादा मुलगा दरवेळी भेटतोच. पोट दुखत नाही, कारण दुखू नये अशी तजवीज कृमीने केलेली असते, हे आता त्याला सांगता येईल.

या गोळीतील औषधाचे नाव अल्बेंडाझोल. तेही कुलूपकिल्लीच्याच रीतीने काम करते. कृमीच्या पेशींत ट्यूब्युलिन नावाचे एक प्रथिन असते. त्याचे लहान लहान तुकडे एकमेकांना जोडून पेशी आपल्या आतील बारीक नळ्या बांधते आणि या नळ्यांच्या आधाराने तिचे सारे दळणवळण चालते. औषधाचा रेणू त्या तुकड्यांना चिकटतो आणि त्यांना एकमेकांशी जुळू देत नाही. नळ्या मोडतात, कृमीला साखर शोषता येत नाही आणि आतड्याच्या भिंतीवरील त्याची पकड ढिली होते. ट्यूब्युलिन आपल्याही पेशींत आहे. परंतु त्याची घडी किंचित निराळी असल्यामुळे हा रेणू आपल्या प्रथिनाला सैल आणि कृमीच्या प्रथिनाला घट्ट बसतो. शाळेत मिळालेली गोळी दुपारी चघळली, की काही दिवसांत मोठे झालेले कृमी सुटून बाहेर पडतात. जमिनीतील अळ्यांना मात्र तिचा काहीच उपद्रव होत नाही. ओल्या मातीच्या कणांवर डोके वर करून त्या कित्येक आठवडे पुढच्या पावलाची वाट पाहत राहतात.